बायोप्सीवर दुसरं मत: बेळगावच्या टिळकवाडीतली पॅथॉलॉजी लॅब

दादाच्या यकृताच्या कॅन्सरच्या गाठीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाईड घेऊन आम्ही खानापूरहून इथं आलो. दुसरं मत हवं होतं आणि महागडी जीन टेस्ट करावी का, हेही विचारायचं होतं. आधी गेलो तिथं ‘जीन बघितल्याशिवाय औषध ठरत नाही’ म्हणून लगेच पैसे भरायला सांगत होते.

इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी वहिनीला शेजारी बसवून स्क्रीनवर स्लाईड दाखवली, शिरेत घुसलेल्या पेशींवर बोट ठेवून, सगळं मराठीत. वहिनीचा एकच प्रश्न होता: दारू नाही, काही नाही, मग यांनाच का? दादाला हिपॅटायटिस बी आहे. तो विषाणू स्वतःचा डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, पुष्कळदा टर्ट या जीनजवळ. मग ते जीन चालूच राहतं आणि पेशी वाढतच राहते, थांबायचं नाव घेत नाही. पसरण्यामागे आणखी जीन असतात. मेट नावाचं जीन प्रमाणाबाहेर चाललं की पेशींना सरकायचं बळ मिळतं, त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होतं आणि सुट्या झालेल्या पेशी रक्तात उतरतात. यकृतातलं रक्त हृदयातून थेट फुफ्फुसात जातं. दादाच्या छातीचा सीटी कशासाठी काढला ते आम्हाला इथं कळलं.

टेस्टबद्दल मॅडम स्पष्ट बोलल्या: आत्ता नको. या कॅन्सरमध्ये जास्त करून टर्ट, टीपी५३ आणि बीटा-कॅटेनिनच्या जीनमध्ये बदल सापडतात, आणि त्यांवर नेमकं चालणारं मंजूर औषध अजून नाही. पहिलं औषध ठरतं ते यकृतात किती ताकद उरलीय आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, यावर. स्वतःच्या लॅबचं उत्पन्न सोडून असं सांगणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

घरच्या शेंगा कुठं साठवता, हेही त्यांनी विचारलं. बुरशी लागलेल्या शेंगांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष पेशींच्या वाढीला लगाम घालणारं टीपी५३ जीन बिघडवतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका कितीतरी जास्त. आमच्याकडं रोजच्या जेवणात शेंगाचटणी असते, त्यामुळं हे ऐकून घरी आल्या आल्या पोती तपासली.

रिपोर्ट मात्र फक्त इंग्रजीत मिळतो. सोबत अर्धं पान मराठी आणि कन्नडमध्ये द्याच, ही कळकळीची विनंती.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही सगळ्या भावंडांनी हिपॅटायटिस बीची तपासणी केली. धाकटा पॉझिटिव्ह निघाला. त्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) सांगितलंय. बाकीच्यांची लस सुरू झाली. तुम्ही जाणार असाल तर मूळ ब्लॉक नक्की न्या, नुसत्या स्लाईडवर पुढच्या तपासण्या अडतात.