देवरुखात जुनं घर घेतलं, त्या एजंटबद्दल

पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, तेही सांगते.

मे २०२३ मध्ये एजंट भाऊंना पहिला फोन केला. सगळी बाजारपेठ त्यांना भाऊच म्हणते. मी म्हटलं, शनिवारी घर बघायला येऊ का? तर म्हणाले, "आता नको ताई, जुलैत या. घर आषाढात बघायचं आणि विहीर वैशाखात." मला जरा रागच आला होता. गिऱ्हाईक स्वतःहून यायला तयार आहे आणि हा माणूस दोन महिने थांबा म्हणतोय! पण थांबलो. आज ते घर माझ्या नावावर आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गावाकडे घर घ्यायचं डोक्यात असलेल्यांनी जरूर वाचा.

मी बँकेत कर्ज विभागात होते. डोंबिवलीतल्या फ्लॅटची फाइल माझ्यासमोर ठेवली तर कुठला कागद नाही ते मी पाच मिनिटांत सांगेन. पण सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना (दुसऱ्या कुणाचा हक्क किंवा बोजा नोंदवतात तो), चौघांच्या जागेतून जाणारी पाखाडी (चिऱ्यांची पायवाट), गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतबाहेरचे वाद, यातलं मला काही कळत नव्हतं. देवरुख निवडलं कारण माझं आजोळ तिथलं. तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखात, त्यामुळे कामं चालत जाऊन होतात. बाजार आहे, दवाखाने आहेत, आणि रात्री नऊनंतर रातकिड्यांशिवाय आवाज नाही.

भाऊंच्या आधी एका दुसऱ्या एजंटाकडून पोळून झालं होतं. त्याचं नाव घेत नाही. त्याने मुंबईत बसून फोटो दाखवले आणि घरालगतची कलमांची बाग "नोटरी करून घेऊन टाका, पुढचं पुढे बघू" म्हणून गळ्यात मारायला निघाला होता. आमच्या दोघांच्याही नावावर शेती नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. पंचवीस हजार टोकन दिलं होतं. त्यातले दहा परत आले. भाऊंना हे सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शेतकरी दाखला आहे का कुणाच्या नावावर? नसेल तर मी तुम्हाला फक्त बिनशेती दाखवतो."

जुलैत दोन दिवसांत तीन घरं बघितली. पहिल्याला नवाकोरा रंग होता, पण भिंतीच्या तळाशी तो फुगून आला होता. बोट लावलं तर पापुद्रा हातात. दुसऱ्याचं अंगण छान, पण पोचायला दुसऱ्याच्या पडवीसमोरून जावं लागत होतं आणि त्या वहिवाटीचा कुठेच कागद नव्हता. तिसरं आम्ही घेतलं ते. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पाच गुंठ्यांत. माजघरात घमेलं ठेवलेलं होतं आणि त्यात टप टप गळत होतं. तिघा मालक भावांपैकी धाकटे घमेलं उचलून बाजूला करायला लागले, तर भाऊ म्हणाले, "राहू दे रे, बघू दे त्यांना. कौलं काय, बदलता येतात. मला काळजी वाश्यांची आहे."

मग ते माळ्यावर चढले. वयाने पासष्टीचे असतील. कोयतीच्या मुठीने कौलांखालचा एकेक लाकडी वासा ठोकत गेले. ठक्, ठक्, ठक्, आणि मध्येच एक बद्द आवाज. तिथे कोयतीचं टोक खुपसलं तर अर्धं बोट आत गेलं आणि पिवळा भुगा खाली माझ्या साडीवर पडला. असे दोन वासे निघाले. मालकांच्या समोरच त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि तेवढे किमतीतून कमी करा म्हणाले. कमिशन दोन्हीकडून मिळणार होतं, किंमत कमी झाली तर त्यांचंही कमी होणार होतं. तरी बोलले. माझा विश्वास तिथेच बसला.

खरा कस पुढे लागला. सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव होतं. तिघे भाऊ वारस नोंदीचा अर्ज घेऊन आले, त्यात तिघांचीच नावं. भाऊंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही चार भावंडं ना रे? कोल्हापुरास दिलेली बहीण कुठाय यात?" थोरले म्हणाले, तिचं लग्न थाटात करून दिलंय, तिला काही नको आहे. भाऊ म्हणाले, "नको असेल तर तिला येऊन हक्कसोड करू दे. घर वडिलांनी बांधलेलं असो नाहीतर वडिलोपार्जित, मुलगी वारस आहेच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वाद घालायला जागाच नाही. तिच्या सहीशिवाय मी या व्यवहारात नाही." एवढं बोलून अर्ज परत दिला. मी तिथेच बसले होते. आत कुठेतरी भीती वाटली की घर हातचं गेलं, आणि त्याच वेळी या माणसाचा फार आदर वाटला.

यात सात महिने गेले. बहिणीने हक्क सोडला नाही. का सोडावा? चौघांच्या नावाने वारस नोंद झाली, तलाठ्यांची नोटीस, हरकतीची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी सगळं रीतसर. दरम्यान वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजांचा तपास) घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. मे २०२४ मध्ये विहीर बघायला पुन्हा गेलो. तळाला दीड पुरुष, म्हणजे दीड माणूस उंचीचं, पाणी होतं. विकणाऱ्यांनाही भाऊंनी सांगितलं की १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन करून घ्या, भांडवली नफ्याचा कर काढताना लागेल.

जूनमध्ये खरेदीखत झालं, ३४ लाखांना. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली, म्हणजे ३४ हजार वाचले. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर घेत नाहीत. हे दोन्ही मला भाऊंनी आधीच वहीत लिहून दिलं होतं. पैसे चौघांना चार वेगळ्या चेकने दिले.

बहीण कोल्हापूरहून सकाळच्या एसटीने आली होती. फोटो, अंगठे झाले, आणि ती भावांबरोबर न जाता माझ्याबरोबर घरी आली. परसात गेली. न्हाणीशेजारी पाटा-वरवंटा होता. मला म्हणाली, "वहिनी, आता घर तुमचं. पण आईचा वरवंटा नेऊ का? पाटा जड आहे, एसटीत नाही जमायचा." मी पाटाही पोचवते म्हटलं. तो आम्ही गणपतीनंतर गाडीतून कोल्हापूरला दिला.

आता पाचवा तारा. भाऊ व्हॉट्सॲपवर पाठवतात ते फोटो अंधारे, वाकडे, काही कळत नाही. वीज मीटर वडिलांच्याच नावावर राहिलाय हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, नाव बदलायला मला दोनदा वेगळा प्रवास करावा लागला. गणपतीत, आणि शिमग्यात गावदेवाची पालखी घरी असते तेव्हा ते फोन उचलत नाहीत, आणि हे ते आधी सांगतही नाहीत. दस्ताचं काम अर्धवट असताना आठ दिवस फोन लागला नाही की जीव टांगणीला लागतो.

कमिशन एक टक्का, दोन्हीकडून. माझ्या हातात माझ्या नावाचा सातबारा पडेपर्यंत त्यांनी एक रुपया मागितला नाही. फेरफार (मालकाचं नाव बदलल्याची नोंद) मंजूर झाला त्या दिवशी मीच चेक घेऊन गेले. दुकानाला पाटी नाही, बाजारपेठेत कुणालाही विचारा. सकाळी साडेनऊ ते एकपर्यंत असतात, आणि पहिल्या भेटीलाच सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि घराचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा मागून घ्या, ते झेरॉक्स काढून तयार ठेवतात.