पवन्याचा तयार तंबू की भंडारदऱ्याला आपला आपण?

पाऊस ओसरला, दिवाळीच्या सुट्ट्या दिसायला लागल्या की लहान मुलं असलेल्या मित्रमंडळींकडून हमखास विचारणा होते: यंदा पोरांना तंबूत न्यायचंय, पवन्याला जाऊ की भंडारदऱ्याला? प्रश्न जागेचा वाटतो, पण तसा तो नाही. पवना म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पॅकेज असतं. तंबू उभा, गादी घातलेली, संध्याकाळच्या चहा-भज्यांपासून सकाळच्या पोह्यांपर्यंत सगळं त्याच पैशात. तसे कॅम्प आता भंडारदऱ्यालाही झालेत, पण आम्ही तिकडे स्वतःचा तंबू नेतो आणि गावातल्या एका घराच्या अंगणात लावतो. तेव्हा ही तुलना खरं तर त्या दोन तऱ्हांची. आमची मुलगी पहिलीत आणि मुलगा साडेतीन वर्षांचा असताना आम्ही दोन्ही करून पाहिलं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर हे सगळं वाचायची गरज नाही, कुठेही जा.

रस्त्याचं आधी उरकतो. पुणेकरांना पवना अगदी हाताशी: कामशेतहून आत वळलं की पवनानगर. त्यांना भंडारदरा म्हणजे संगमनेर-अकोले-राजूर असा लांबचा पल्ला, त्यात मागच्या सीटवरून 'अजून किती' चालू. आमच्यासारख्या ठाण्याकडच्यांना फरक तेवढा मोठा नाही. जून २०२५ मध्ये समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, आणि ज्यांचं मूल वळणावर ओकतं त्यांना ही सोय काय आहे हे सांगायला नको. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकून पडण्यापेक्षा थोडं लांब जाणं मला तरी परवडतं.

आता पवन्याच्या बाजूने जे आहे ते मोकळेपणाने सांगायला हवं. पॅकेजमध्ये गाडीत काही भरावं लागत नाही, कपड्यांची बॅग आणि मुलांचा खाऊ, बस. संडास-बाथरूम पक्कं बांधलेलं, दिवे असतात, मोबाइल चार्ज होतो. लहान मुलांच्या आईला पहिल्या खेपेला या तीन गोष्टींनी केवढा धीर येतो, ते आमच्याकडे मी पाहिलंय. रात्री ताप भरला, कुणी पडलं-झडलं, तर कामशेत-तळेगाव जवळ. जागाही देखणी. एकीकडे तुंग, दुसरीकडे तिकोना, मागे लोहगड-विसापूर, आणि संध्याकाळी पाण्यावर उतरतं ऊन. दुसऱ्या दिवशी लोहगड करता येतो. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या किल्ल्यांपैकी तो एक. लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत, सहा वर्षांचं मूल कुरकुरत का होईना चढतं, त्याहून धाकट्याला मात्र खांद्यावर घ्यावं लागतं.

तंबूंच्या आकारावर आणि गाद्यांच्या जाडीवर लोक बराच खल करतात. मला त्यात फारसं काही वाटत नाही. झोपलेल्या मुलाला गादी दोन इंची आहे की चार इंची हे कळत नाही.

माझं गाडं अडलं ते जेवणाच्या वेळेवर.

कॅम्पचं वेळापत्रक साधारण असं असतं. दुपारी चारच्या सुमाराला प्रवेश, पाचला चहा-भजी, मग पाण्याकाठी भटकणं. अंधार पडल्यावर बार्बेक्यू, म्हणजे चार-चार तुकडे पनीर, कणीस, बटाटा. मोठ्यांना ते मजेचं वाटतं. मुलांना तिखट लागतं. खरं जेवण त्यानंतर. आम्ही गेलो होतो तिथे बुफे नऊनंतर मांडणार होते. सात वाजता मुलगा डोळे चोळायला लागला. मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये जाऊन म्हटलं, "दादा, छोट्यासाठी नुसता वरणभात मिळेल का आत्ता?" तिथला मुलगा बिचारा अदबीने बोलला, "सर, कुकर अजून लावला नाही. बार्बेक्यू झालं की लगेच बुफे लावतो." त्याचाही इलाज नव्हता. पन्नास माणसांचं जेवण एका वेळी शिजणार, आणि ती वेळ ठरते कॉलेजच्या पोरांच्या सोयीने, कारण गिऱ्हाईक मुख्यतः तेच.

साडेसातला आमचे चिरंजीव प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात अर्धं कणीस धरून, मान टाकून झोपले. थोरलीने वेफर्सवर भूक मारली. नऊनंतर जेवण लागलं तेव्हा तिला भूक नव्हती, आणि धाकटा साडेदहाला भुकेने जागा झाला. तोवर बुफे आवरलेला. स्पीकर बंद झाला होता, पण शेकोटीभोवती अंताक्षरी रंगात आली होती. त्या वेळी तंबूत बसून बॅटरीच्या उजेडात पार्ले-जी दुधाशिवाय भरवणं, हे काही मी 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून धरत नाही. कॅम्पवाल्यांनी फसवलं असं अजिबात नाही, पॅकेजमध्ये लिहिलेलं सगळं मिळालं. फक्त तिथलं घड्याळ आणि साडेतीन वर्षांच्या पोटाचं घड्याळ यांचा मेळ नाही. स्पीकरच्या आवाजाची तक्रार सगळेच करतात, पण माझा अनुभव असा की पोट भरलेलं मूल ढोल वाजले तरी झोपतं.

भंडारदऱ्याला नेमकं हेच उलटं झालं. तिकडे पाण्याकाठच्या गावांमधून बरीच घरं जेवणाची सोय करतात, फोनवर आधी सांगायचं, अंगणात किंवा भाताचं पीक निघालेल्या खाचरात तंबू लावू देतात. पोचल्यावर घरातल्या मावशींनी पहिला प्रश्न केला, "पोरं काय खात्यात? तिखट चालतंय का?" सात वाजता मऊ भात, वरण आणि तूप आलं. "आधी पोरांचं उरकून घ्या, तुमचं बघू मागून." आठच्या आत दोघं तंबूत गाढ. मग आम्ही दोघांनी नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा असं निवांत, चुलीपाशी बसून जेवलो. थोरली उठली तर हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. माझ्या लेखी लढत तिथेच निकालात निघाली.

अर्थात स्वतःच्या तंबूला कष्ट आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिलं म्हणजे खरेदी. दोन मोठे आणि दोन लहान असाल तर 'तीन माणसांचा' तंबू नावालाच तीन माणसांचा असतो; चार जणांचाच घ्या, बॅगा आत ठेवायला जागा लागते. दुकानात उघडून दाखवतात तो झटक्यात उभा राहणारा तंबू मुलांना भारी आवडतो, पण तो मिटल्यावरही भल्यामोठ्या परातीएवढा गोल राहतो. आधी आपल्या गाडीची डिकी मोजा. शिवाय झटक्यात उघडतो तो, मिटायला झटक्यात येत नाही. सकाळी आजूबाजूचे लोक चहाचे कप घेऊन बघायला उभे राहतात. काठ्यांचा साधा घुमटाकार तंबू मला जास्त पटतो. मुलांना काठ्या जोडायला देता येतात, त्यात त्यांचा अर्धा तास जातो आणि 'आमचा तंबू' अशी भावनाही येते. एवढं मात्र पाहा की आतलं कापड जाळीचं आणि वर वेगळं आच्छादन असेल. एकाच थराच्या तंबूत थंडीत श्वासाचीच वाफ आतून धरते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. खाली ताडपत्री घालायची ती तंबूच्या बाहेर डोकावणार नाही अशी दुमडून, नाही तर दव त्यावर साचून तंबूखाली येतं.

आधी एकदा घरी हॉलमध्ये उभा करून बघा. मुलांना एक दुपार त्यात झोपू द्या. खर्च नाही, आणि कुठली काठी कुठे हे अंधारात शोधावं लागत नाही. विकत घ्यायचा की नाही हे ठरत नसेल तर पहिल्यांदा कुणाचा तरी मागून न्या, हौस एका रात्रीत फिटणारी माणसंही मी पाहिली आहेत.

दुसरं, थंडी. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला पहाट चांगलीच बोचते, आणि थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते. म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी खाली काहीतरी जाड घाला. स्लीपिंग बॅगचं मुलांच्या बाबतीत मला फारसं कौतुक नाही. ती त्यात राहत नाहीत, वळवळत बाहेर येतात, आणि रात्री 'शू आली' म्हणाल्यावर चेन सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. आजीची गोधडी न्यावी. खाली एक, वर एक. शूचाच विषय निघाला म्हणून: घराचा संडास अंगणाच्या पलीकडे असतो, रात्री अंधारात मूल तिथवर जायला तयार होत नाही. छोट्याचं जुनं पॉटीचं भांडं तंबूच्या पडवीत ठेवलं की प्रश्न मिटतो. हसू आलं तरी चालेल, पण न्या. या एका बाबतीत पवन्याचा पक्का बांधलेला, दिव्याचा रस्ता असलेला संडास नक्कीच वरचढ.

तिसरं, जनावरं. हे दोन्हीकडे सारखंच आहे, पण स्वतःच्या तंबूत लक्ष ठेवणारे आपणच. चेन कायम बंद, चपला-बूट आत, सकाळी घालण्याआधी झटकायचे. रात्री बॅटरीशिवाय पाय खाली नाही. तंबूला शिवलेला तळ असावा, हे मण्यारीच्या मुलखात फार महत्त्वाचं. आणि कितीही गारठा असो, शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं तंबूत घ्यायचं नाही. पाण्याचं तर दोन्हीकडे कडक. पवना धरणात बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो. काठ उथळ वाटतो आणि पुढच्याच पावलाला गाळ किंवा खोली लागते. नुसते पाय बुडवायचे असले तरी मुलाचा हात मोठ्याच्या हातात.

चौथं, घरी परतल्यावर. दवाने ओला झालेला तंबू तसाच पिशवीत राहिला तर बुरशी धरते आणि वास जात नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार जणांचा तंबू वाळवणं म्हणजे दोन दिवस सोफा त्याच्या नावाने. ही कटकट पॅकेजवाल्यांना नाही, मान्य.

फिरायला भंडारदरा मला जास्त आवडतो, पण इथे माझा कल आधीच झुकलेला आहे हे लक्षात घेऊन वाचा. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मुलांना खूप वेळ रमवतं, दगडातले हत्ती शोधत बसतात. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालेलं; भिंत दाखवून 'पणजोबांच्या वेळचं' म्हटलं की थोरलीला पटलं. सांदण दरी मात्र या वयात नको, आणि कळसूबाईच्या शिड्याही नकोत. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं आणि जंगलात मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून अंगणच बरं. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी तोबा गर्दी होते, गाड्या अडकतात. पहिल्या खेपेला तो काळ टाळलेला बरा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

तरीही काही जणांना मी पवनाच सुचवतो. आजी-आजोबा बरोबर असतील, त्यांचे गुडघे दुखत असतील, तर जमिनीवरून उठणं-बसणं त्यांना जमणार नाही, तिथे तंबूशेजारी पक्क्या खोल्याही मिळतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर दवाखाना जवळ असलेलाच बरा. चार-पाच कुटुंबं मिळून जात असाल तर अख्खा कॅम्प तुमच्याच ताब्यात येऊ शकतो, मग जेवणाची वेळ तुम्ही ठरवाल आणि माझी मुख्य तक्रारच उरणार नाही. शनिवारऐवजी मंगळवार-बुधवार जमत असेल तरी चित्र बरंच बदलतं म्हणतात.

बुकिंग करताना तंबू कसा, गादी कशी, वायफाय आहे का हे विचारायच्या आधी एवढंच विचारा: मुलांना सात वाजता गरम वरणभात द्याल का? समोरचा माणूस लगेच 'हो' म्हणाला, वर 'तिखट नको ना' असंही विचारलं, तर पवना काय नि भंडारदरा काय. 'बघू सर, ॲडजस्ट करू' असं आलं, तर तांदूळ, मूगडाळ, तीन लिटरचा कुकर आणि छोटा गॅस बरोबर घ्या. किंवा सरळ भंडारदऱ्याला जाणारा घोटीचा रस्ता धरा.