नमपायचं हायपॉट: आठ महिने वापरल्यानंतर

हायपॉट हे पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं फंक्शन: दोन बाजू द्या, कर्ण मिळतो. दोन वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायला वेगळं फंक्शन कशाला हवं, असं मला वाटायचं. शाळेत घोकलेला पायथागोरस एका ओळीत बसतो. मग रेडिओ रिसीव्हरचं काम अंगावर आलं. त्यात प्रत्येक नमुना म्हणजे एक संमिश्र संख्या, तिचे वास्तव आणि काल्पनिक भाग १६ बिटांच्या पूर्णांकात, आणि आम्हाला हवं असायचं तिचं केवल मूल्य, म्हणजे त्या दोन भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ.

ग्राफ विचित्र दिसत होता. सिग्नल वाढत जायचा, आणि ऐन भरात आला की रेघ खाली कोसळायची. दोन दिवस अँटेनाची वायर हलवून पाहिली. चूक आमच्या त्या एका ओळीतच होती. १६ बिटांत ३२७६७ च्या पुढे जाता येत नाही. ३०० चा वर्ग ९००००. तो गुंडाळला जाऊन, म्हणजे त्यातून ६५५३६ गळून, उरतो २४४६४, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १५६. म्हणजे ३०० चा नमुना १५६ म्हणून छापला जात होता, तोही काही न बोलता. बेरीज ऋण झाली तिथे 'नॅन' (म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण) आणि सोबत वॉर्निंग येत होती, पण वॉर्निंगा आम्हीच बंद करून ठेवलेल्या.

हायपॉट लावलं आणि रेघ सुधारली. पण खरं सांगायचं तर यात त्याच्या प्रसिद्ध गुणाचा (तो पुढे सांगतो) काही संबंध नाही. ते १६ बिटांचे पूर्णांक आधी ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलून घेतं, एवढंच. ते मी स्वतः केलं असतं तरी भागलं असतं. पुढे तसंच केलं, कारण हायपॉट साध्या सूत्रापेक्षा जाणवण्याइतकं हळू चालतं आणि आमचे आकडे फ्लोटच्या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाहीत.

तो प्रसिद्ध गुण कामी येतो टोकाच्या आकड्यांना. एकावर २०० शून्यं असलेल्या संख्येचा वर्ग ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये मावत नाही, कारण मर्यादा साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात. कर्ण मात्र आरामात मावतो. अगदी बारीक आकड्यांचंही तसंच: वर्ग शून्य होऊन बसतो. हायपॉट हे मधलं संकट टाळतं. पायथनमध्ये संमिश्र संख्येला लावलेलं, केवल मूल्य काढणारं साधं 'अ‍ॅब्स'ही हेच सांभाळतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता तक्रारी. एक बाजू अनंत आणि दुसरी 'नॅन' असेल तर उत्तर अनंत येतं, 'नॅन' नाही. फ्लोटच्या मानकातच तसं ठरलंय आणि तर्क पटतोही: दुसरी बाजू काहीही असो, कर्ण अनंतच. पण बिघडलेली रीडिंग 'नॅन'वरून गाळणारी आमची चाळणी तिथे फसली. दुसरं, ऑपरेटिंग सिस्टीम नवी केल्यावर एक टेस्ट शेवटच्या अंकावर नापास होऊ लागली. जीलिबसीने (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) २०२२ च्या २.३५ आवृत्तीत हायपॉटची पद्धत बदलली होती. उत्तर आधीपेक्षा नेमकं येत होतं. आमची टेस्टच दोन फ्लोट तंतोतंत समान मागत होती. तिला थोडी सूट दिली.

सगळ्यात महागात पडलं ते तिसरं. पायथनच्या मॅथमधलं हायपॉट ३.८ पासून हवे तितके आकडे घेतं. सी++ला २०१७ पासून तीन चालतात. नमपायचं मात्र फक्त दोन बाजू (म्हणजे आकड्यांच्या दोन याद्या, अ‍ॅरे) घेतं, आणि तिसरा अ‍ॅरे दिला तर तक्रार न करता त्याला उत्तर ठेवायची जागा समजतं. मी क्ष, य, झ (झ म्हणजे उंची) असे तिन्ही दिले. माझ्या झवर पहिल्या दोघांचा कर्ण लिहिला गेला आणि मूळ उंच्या गेल्या. त्या फाइल परत वाचून घ्याव्या लागल्या. तेव्हापासून तीन मितींसाठी हायपॉटच्या आत हायपॉट लिहितो. दिसायला गबाळं आहे, पण चालतं.