एनएफएल गेम पास रिव्ह्यू: रन गेम कळायचा असेल तर पूर्ण मॅच लावा

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड कुणाला सांगायला नको, पाटाकडील-दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. पण हा रिव्ह्यू दुसऱ्या फुटबॉलचा आहे, अमेरिकेतल्या, अंडाकृती बॉल काखेत मारून पळायच्या. एनएफएल ही तिकडची लीग, तिच्या मॅच बघायचं सबस्क्रिप्शन म्हणजे गेम पास, तो २०२३ पासून दझोन अ‍ॅपवर मिळतो आणि २०२४ चा सीझन मी त्यावरच बघितला.

नवीन बघणारी पोरं कायम एकच विचारतात. पास केवढा भारी दिसतो, एका फटक्यात ४० यार्ड, मग ही लोकं सारखी बॉल हातात देऊन मधल्या गर्दीत का घुसतात, दोन-तीन यार्डासाठी? यालाच रन म्हणतात. यूट्यूबच्या हायलाइट्समध्ये याचं उत्तर सापडणार नाही कारण तीन यार्डाचा रन तिथं कापूनच टाकलेला असतो. गेम पासची खरी किंमत मला इथं वसूल झाल्यासारखी वाटते, अख्खी मॅच मिळते, लाइव्ह पण आणि नंतर रिप्ले पण.

४० मिनिटांची कापलेली मॅच पण देतात, दोन प्लेमधला (प्ले म्हणजे बॉलची एक चाल) वेळ काढून. नोकरीवाल्यांना लय सोयीची आहे, मीही बऱ्याचदा तीच लावतो, पण रन गेमचा अर्धा जीव त्या कापलेल्या वेळातच असतो. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. पळणारा मैदानाच्या आत पडला तर घड्याळ चालूच राहतं आणि पुढचा प्ले सुरू करायला टीमला ४० सेकंद असतात. म्हणजे शेवटी तुम्ही पुढे आहात, समोरच्याकडे टाइमआउट उरले नाहीत, तर तीन वेळा नुसतं पळा, दोन मिनिटं खलास, आणि समोरच्या टीमचा महोम्ससारखा (चीफ्स टीमचा पास टाकणारा) माणूस साइडलाइनवर हेल्मेट हातात घेऊन बघत बसणार. हे ४० मिनिटांच्या मॅचमध्ये दिसतच नाही, वाटतं प्ले झाले आणि मॅच संपली.

फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२४ चा सीझन तर यासाठी बघाच. पहिल्या ४ मॅचमध्ये २ जिंकल्या, २ हरल्या, चौथी टॅम्पा बेकडून ३३-१६ अशी. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, जेलन हर्ट्सने तेवढ्यात ४ इंटरसेप्शन दिले होते, म्हणजे त्याचे पास समोरच्यांनी पकडले. मग सुट्टीचा आठवडा आला आणि त्यानंतर टीमने ठरवून बॉल घेऊन पळणाऱ्या सेक्वॉन बार्कलीच्या पायावर मॅच खेळायला सुरुवात केली. पास कमी, रन जास्त. सलग १० जिंकल्या, १४-३ वर सीझन संपवला, बार्कलीचे पळून २००५ यार्ड झाले आणि हर्ट्सचे इंटरसेप्शन पूर्ण रेग्युलर सीझनमध्ये फक्त ५. बॉल हवेत कमी गेला की समोरच्याच्या हातात पण कमी जातो, साधा हिशोब आहे.

पण बार्कलीकडे बघत बसू नका, त्याच्यासाठी रस्ता काढणाऱ्या पुढच्या लाइनकडे बघा, रिप्ले मागे घेऊन परत बघा. जॉर्डन मैलाटा, ६ फूट ८ इंच, दीडशे किलोच्या वर, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा गडी, २०१८ मध्ये टीमने घेतला तेव्हा हा खेळ एकदाही खेळलेला नव्हता. पासच्या वेळी असल्या माणसाला मागे सरकत अंगावर येणाऱ्याला थोपवावं लागतं, रनच्या वेळी तोच पुढे जाऊन धडकतो. खासबागेत पैलवान सुरुवातीला नुसती मान दाबून समोरच्याचा दम काढतो, तसलंच काम आहे हे. पहिल्या क्वार्टरला दोन यार्ड मिळतात, चौथ्याला त्याच जागेतून रस्ता सापडतो. जानेवारी २०२५ ची रॅम्सविरुद्धची प्लेऑफ मॅच आठवा, धो-धो बर्फ पडतोय, यार्डाच्या रेघा दिसेनात, आणि चौथ्या क्वार्टरला बार्कली मधून सुटला तो डायरेक्ट ७८ यार्ड, समोरच्याच्या शेवटच्या रेघेपार, म्हणजे टचडाउन. नाद खुळा! २८-२२ ने जिंकले.

रनचं आणखी एक कारण डिफेन्सचं. लांब पासची भीती एवढी झाली की बऱ्याच टीम दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे राखणारे) लांब मागे उभे करतात, पुढे माणसं कमी आणि तीही हलकी, पळणारी. मग मोकळ्या जागेत घुसायचं नाही तर काय करायचं? घुसलं की सेफ्टीला पुढे यावं लागतं, तो पुढे आला की मागं रान मोकळं.

सुपर बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, हेच झालं. बार्कलीने २५ वेळा बॉल नेला आणि मिळाले फक्त ५७ यार्ड, नुसता आकडा बघणारा म्हणेल रन गेम फेल गेला. पण समोरच्या चीफ्सचा डोळा त्याच्यावरच होता, हर्ट्सने २२ पैकी १७ पास पूर्ण केले, डेव्होंटा स्मिथला ४६ यार्डाचा टचडाउन पास मारला, मॅच ४०-२२. यार्ड मिळेनात तरी रन सोडला नाही, मला त्या मॅचमधलं हेच सगळ्यात आवडलं.

याची दुसरी बाजू पण आहे, स्कोअरमध्ये मागे पडलात की हे सगळं अवघड होतं. २०१९ च्या रेव्हन्स टीमने रनचे ३२९६ यार्ड काढले, लीगचं रेकॉर्ड, पण प्लेऑफमध्ये टायटन्सनी सुरुवातीलाच १४-० केलं आणि रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सनला ५९ पास टाकावे लागले. हरले. तिकडे टायटन्सचा डेरिक हेन्री एकटा १९५ यार्ड पळाला.

आता सर्व्हिसचं बोलतो. कमेंटरी इंग्लिश आहे, नवीन माणसाला पहिले काही आठवडे जड जाणार, सोबत नियम सांगणारा मित्र बसवा. रेडझोन चॅनल मजेशीर आहे, पण तो टचडाउनच्या मागे एका मॅचवरून दुसरीवर उड्या मारतो, रन गेम शिकायला उपयोग नाही. रविवारच्या पहिल्या मॅच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरपासून साडेअकराला, सोमवारी ड्युटी असेल तर सकाळी रिप्ले लावा आणि तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडू नका. वेळ कमी असेल तर पहिला हाफ ४० मिनिटांवाल्या मॅचमधून उरका, पण चौथा क्वार्टर पूर्ण रिप्लेमध्येच बघा भावांनो.