टास्कोच्या दुकानातला ‘नाचातला’ मुखवटा आणि माझे १८,५०० पेसो

आधी आकडा सांगतो: १८,५०० पेसो. ६,००० रोख, १२,५०० तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून पाठवले. बिल नाही. लिहिताना आत्ताही कान तापतायत.

नोकरीमुळे तीन वर्षं मेक्सिको सिटीत आहे. सुट्टीत गेरेरो राज्यातल्या टास्कोला गेलो, तिथे एका दुकानदाराने वाघाचा लाकडी मुखवटा काढून दाखवला. (तिकडे जॅग्वारलाच वाघ म्हणतात.) डोळ्यांना आरसे, रानडुकराच्या केसांच्या मिशा, खरे सुळे. म्हणाला, आमच्या आजोबांनी गेरेरोच्या डोंगरातल्या गावात तेक्वानेसच्या नाचात चाळीस वर्षं घातलाय. गुरं मारणाऱ्या वाघाच्या शिकारीचा हा नाच मी पाहिला होता, म्हणून तर विश्वास बसला.

एक क्षण मात्र आठवला की झोप उडते. फोटोसाठी मी तो तोंडावर धरला आणि काहीच दिसेना. डोळ्यांत आरसे असले की नाचणारा वाघाच्या जबड्यातून बघतो, हे मला ठाऊक होतं. पण जबडा आतून बंद! तिथे लाकूड कोरलेलंच नव्हतं. कड नाकाला लागून खरचटलं. मी जव्हारचा, बोहाड्याची मुखवटे घातलेली सोंगं बघत वाढलो. सोंग घेणाऱ्याला पुढचं दिसलं नाही तर तो दोन पावलांत पडेल, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? विचारलंसुद्धा मी. “पाठ असतं त्यांना,” तो म्हणाला. आणि मी मान डोलावली.

मुखवटा आधी उलटा करून बघा. घरी आतून अंगठा फिरवला तर काळा झाला, बूटपॉलिशचा वास आला. घाम मुरतो तो कपाळाशी, गालांशी; इथे सगळीकडे एकसारखा काळा रंग. दोरीच्या भोकांच्या कडा कोऱ्या. वजनही जास्त. नाचाचे मुखवटे बहुधा पांगाऱ्याच्या जातीच्या हलक्या लाकडाचे असतात.

मला मूर्ख ठरवण्याआधी एवढं ऐका. मेक्सिकोतल्या मुखवट्यांचे अभ्यासक डोनाल्ड कॉर्ड्री यांनी आयुष्य यातच घालवलं, तरी १९८० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात फक्त संग्राहकांना विकण्यासाठी बनवलेले मुखवटे घुसलेच. मग माझी काय कथा?

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलिसांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे चार तास बसवून प्रश्न एकच, बिल कुठाय? मोबाइलवरचा व्यवहार दाखवला तर खातं दुकानाच्या नावावर नाही म्हणे. जुना म्हणून विकल्याचं लेखी आहे का? दुकानदाराचा आवाज रेकॉर्ड केलेला होता, तो ऐकवायला गेलो तर वेळ संपली, उद्या या. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. तीन रजा गेल्या, पण त्या दुकानात जाऊन बघायची तसदी एकानेही घेतली नाही.

बिल द्यायला कां-कूं केली की तिथून निघा. आजोबांची गोष्ट सुरू झाली की पाकीट खिशात ठेवा. आणि नवा मुखवटा नवा म्हणून घ्यायला लाजू नका, कोरणाऱ्याच्याच हातात पैसे द्या.

गेल्या रविवारी ओळखीच्या एका मुलीने त्याच दुकानातून फोटो पाठवला. तसाच वाघ, बंद जबडा, किंमत २१,०००. तिला वेळेत थांबवता आलं, म्हणून हे लिहायला बसलो.