आर्गोची चाकं बाहेर काढायची असतील तर

सहा किंवा आठ चाकांची, पाण्यातही चालणारी जुनी गाडी घेतली की आडव्या उतारावर पहिल्यांदा पोटात गोळा येतो. मग गाडी रुंद व्हावी म्हणून चाकं थोडी बाहेरच्या बाजूला काढता येतील का, याची चौकशी सुरू होते. काढता येतात, तीन-चार तऱ्हांनी. पण गाडीला त्याचा भुर्दंड कुठे बसतो ते आधी समजून घ्या. बहुतेक वेळा तो टबच्या, म्हणजे गाडीच्या होडीसारख्या सांगाड्याच्या, भिंतीजवळच्या बाहेरच्या बेअरिंगला बसतो.

उदाहरणासाठी आर्गो घेतो. कॅनडात ओंटारियोतल्या न्यू हॅम्बर्गला ती १९६७ पासून बनते, आणि इकडे रानाला लागून जमीन किंवा कॉटेज घेणाऱ्या आपल्या मंडळींनाही सेकंडहँड बाजारात बहुधा हीच दिसते. अमेरिकेतल्या बफेलोची मॅक्स ही तशीच गाडी असली तरी हिशेब फार बदलत नाही.

फायदा नेमका किती?

समजा डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर ११० सेंमी आहे आणि माणसं-सामान धरून गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे. कागदावर अशी गाडी साधारण ४० अंशांच्या आडव्या उतारावर उलटायला येते. दोन्ही बाजूंनी ५-५ सेंमी वाढवले की हा आकडा ४३ च्या जवळ जातो. म्हणजे कमाई अडीच अंशांची. प्रत्यक्षात ३ ते ५ पीएसआय हवेचे मऊ टायर खालच्या बाजूला दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे बरेच खाली येतात.

आता चाकांना हात न लावता गुरुत्वमध्य ५ सेंमी खाली आणला तर? कमाई तेवढीच, जवळजवळ अडीच अंश. भरलेली गाडी ६०० किलोची धरली, तर रॅकवरचं ६० किलो सामान अर्धा मीटर खाली, थेट टबच्या तळाशी ठेवलं की काम झालं. खर्च शून्य. स्पेसर (चाकामागे बसणारी जाड चकती) मागवण्याआधी हे करून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

रुंदीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. या गाड्यांची चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लागतो आणि गाडी टायर घासत फिरते. चाकांचा पसारा लांबीला जास्त आणि रुंदीला कमी असेल तर फिरवायला जोर जास्त लागतो. रुंदी ११० वरून १२० केली की दोन्ही बाजूंच्या ओढीत लागणारा फरक सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. आठ चाकांची गाडी लांब असते, त्यामुळे तिथे हा फरक हँडलबारवर जाणवतो. सहा चाकांच्या गाडीत तितका नाही.

मात्र चाकं बाहेर गेली म्हणून गाडी चिखलात कमी रुतेल, हे मनातून काढून टाका. टायर तेच, वजन तेच, म्हणजे जमिनीवरचा दाबही तोच.

स्पेसर की एक्स्टेन्शन?

अॅक्सलचा फ्लँज (टोकाचा भाग, ज्यावर चाक बसतं) आणि रिम यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची किंवा लोखंडाची जाड चकती बसवली की झाला स्पेसर. सगळ्यात स्वस्त, आणि घरच्या पान्यांनी बसतो. पण मूळ रचनेत टायरचा मध्य बाहेरच्या बेअरिंगपासून १५ सेंमी असेल आणि तुम्ही ५ सेंमी वाढवले, तर अॅक्सलला वाकवणारा जोर एका फटक्यात तिसऱ्या हिश्शाने वाढतो. सपाट कुरणात हे चालून जातं. जंगलात बर्फाखाली लपलेल्या खुंटाला कडेचं चाक धडकलं, की तो वाढीव जोर थेट बेअरिंगवर येतो.

साध्या चारचाकी एटीव्हीला बेअरिंग गेलं तर आवाज येतो, गाडी डगमगते. इथे पाणी आत येतं. अॅक्सल टबच्या भिंतीतून बाहेर पडतो तिथे बेअरिंग आणि पाणी अडवणारं सील शेजारीशेजारी असतात. बेअरिंगला खेळ आला की अॅक्सल सीलच्या ओठात वरखाली होऊ लागतो, आणि सील तेवढा वेळ मिटत नाही. चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. टकटक जाणवली तर आधी बेअरिंग बदला, रुंदीचं नंतर बघू. टबच्या आत अॅक्सलखाली गंजाची तपकिरी रेघ दिसली तर तिथून पाणी शिरून गेलंय असं समजा.

म्हणून दर चाकामागे ४-५ सेंमीपेक्षा जास्त हवं असेल तर मी स्पेसर सुचवणार नाही. त्यापुढे बाहेरच्या बेअरिंगलाच सोबत बाहेर नेणारं बेअरिंग एक्स्टेन्शन घ्यावं. चाकांवरून रबरी पट्टे लावणाऱ्यांसाठी ती मिळतात. टबच्या भिंतीबाहेर एक नळकांडं येतं, त्याच्या टोकाला बेअरिंग बसतं, आणि अॅक्सलचा लटकता भाग पुन्हा आखूड होतो. पैसे कितीतरी जास्त, काम दोन दिवसांचं, ग्रीसच्या जागाही वाढतात. पण पाण्यात जाणाऱ्या गाडीला हाच इलाज माझ्या मते खरा.

रिम उलटी करणं

रिमचा मधला पत्रा एका कडेकडे सरकलेला असेल तर ती उलटी बसवून फुकटात रुंदी मिळते. एक पथ्य आहे: बाणाच्या नक्षीचे टायर असतील तर उलट केल्यावर त्यांची फिरण्याची दिशाही उलटते, म्हणून डावीकडची चाकं उजवीकडे न्यावी लागतात. या गाड्या पाण्यात टायरच्या खाचांनीच वल्हवतात, तेही चालण्याच्या वेगाने. नक्षी उलटी राहिली की तो वेगही घटतो. हवेचा व्हॉल्व्ह आतल्या बाजूला जातो, तो त्रास कायमचा. आणि बेअरिंगवरचा ताण? स्पेसरइतकाच. लोक हे विसरतात, कारण इथे नवा भाग बसवलेलाच नसतो.

रुंद टायर

रुतण्याची तक्रार असेल तर मात्र उत्तर रुंद टायर. जमिनीवरचा दाब उतरतो, आणि पाण्यात टायर स्वतः तरंगतात म्हणून गाडी थोडी वर बसते. पण २२ इंची काढून २५ इंची घातले तर उंचीही वाढते: चाकाची ओढ साधारण १२ टक्के कमी, गुरुत्वमध्य वर, शेजारशेजारच्या टायरमधली फट बंद होण्याची वेळ. आतल्या बाजूने ते टबला घासतात आणि शेवटी स्पेसर लावावाच लागतो. उंची तीच ठेवून फक्त रुंद टायर मिळत असतील तर घ्या.

माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी आधी वापर विचारतो. उतारावर लाकडं वाहायची, पाण्यात क्वचितच: सामान खाली, आणि हवंच असेल तर अडीच-तीन सेंमीचे स्पेसर. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा कसायचे, हे आलंच. तळी ओलांडायची, आठ चाकं, वर्षभर वापर: पैसे साठवून एक्स्टेन्शन. नुसती दलदल: टायर.

काहीही निवडलं तरी मडगार्डची पट्टी सोबतच मागवा. टायर टबच्या कडेबाहेर आले की चिखल सरळ सीटवर उडतो, आणि एप्रिलमध्ये इथल्या डबक्यांचं पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं असतं. ट्रेलरही मोजून घ्या. गाडी मुळातच दीड मीटरच्या आसपास रुंद असते, म्हणजे पाच फुटी ट्रेलरवर जेमतेम मावते. त्यात १० सेंमी वाढले की ती त्यावर चढणार नाही, आणि सगळ्यात मोठा खर्च चाकांचा नसून ट्रेलरचा होईल.