शालिमारजवळचं जर्सीचं दुकान : ५० नंबर परत जागेवर

नाशिकमध्ये शालिमारहून मेनरोडकडे जाताना एका बोळात खेळाच्या कपड्यांचं छोटं दुकान आहे. काम बहुतेक क्रिकेट-कबड्डीच्या टीमचं. मी गेलो होतो बेसबॉलची जुनी जर्सी दुरुस्त करून घ्यायला.

मामेभावाने २०१८ मध्ये बोस्टनहून आणलेली, तिथल्या रेड सॉक्स टीमची पांढरी जर्सी. त्यांच्या घरच्या मैदानावरच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसतं, पाठीवर नुसता नंबर. माझा ५०, म्हणजे मुकी बेट्स. त्या वर्षी तो अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, टीमने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका जिंकली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच टीमने त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमला देऊन टाकलं! बदल्यात आलेल्या तिघांपैकी दोघे आता बोस्टनमध्ये नाहीत. बेट्सला नकाराचा हक्कही नव्हता. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीवर दहा वर्षं, त्यातली शेवटची सलग पाच एकाच टीमकडे, तेव्हा कुठे खेळाडूला ट्रेड, म्हणजे अशी अदलाबदल, अडवायचा हक्क आपोआप मिळतो. त्याची सहासुद्धा भरली नव्हती. डॉजर्सने जुलैत १२ वर्षांसाठी ३६.५ कोटी डॉलर मोजले आणि त्याच मोसमात वर्ल्ड सिरीज जिंकली. माझ्या मनाला ते अजून लागतं.

तर, त्या ५० मधल्या शून्याची खालची कड उसवली होती. आधी एका दुकानात "काढून नवीन चिकटवू" म्हणाले, मी उठून आलो. इथल्या काकांनी जर्सी उलटी करून आतले टाके बोटाने चाचपले. "हा शिवलेला नंबर आहे, याला हीट प्रेस लावायचा नाही." मग लाल दोऱ्याची तीन रिळं घेऊन दारात उन्हात आले, एकेक कापडाशी लावून पाहिलं. तिसरं जुळलं. जुन्या टाक्यांच्या भोकांवरूनच झिगझॅग मारलीय, कुठे जोड आहे ते मलाही शोधावं लागतं.

कामावरच्या पोराने विचारलं, "दादा, तो गेला ना तिकडे? नवीन टीमची छापून देऊ?" तिकडेही त्याचा नंबर ५०च आहे, म्हणून त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. काकाच म्हणाले, "अरे, त्यांना हीच पाहिजे."

तक्रार एकच. तीन दिवस सांगून आठ लावले, फोन मलाच करावे लागले. पैसे १८० घेतले, ते रास्त वाटले. चार धुण्यांनंतर एकही टाका सुटलेला नाही. गाडी मात्र लांब लावून चालत या, बोळात स्कूटरसुद्धा वळत नाही.